किती फूट झालं पाणी?

जुलै निम्मा सरला की कोल्हापूरकरांच्या बोलण्यात एक आकडा शिरतो. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा ‘जेवलीस का’ विचारायच्या आधी आईला विचारतो, “किती फूट झालं?” आई सांगते, “एकोणचाळीस दोन. सकाळपासून चार इंच चढलंय.” दोघांना एवढं पुरतं. शहरात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला मात्र यातलं काही उमगत नाही. कुठलं एकोणचाळीस, कुठून मोजलेलं, आणि आपल्या भाड्याच्या घराशी त्याचा काय संबंध? हा आकडा वाचता यावा, एवढ्यासाठी हा लेख. पंचगंगेचा पूर बहुतेक वेळा सांगून येतो. त्याचं सांगणं ऐकून त्याचा हिशेब स्वतःच्या उंबऱ्याशी लावणारी माणसं सामान वाचवतात. बाकीची नशिबाला बोल लावतात.

आकडा राजाराम बंधाऱ्यावरचा असतो. कसबा बावडा आणि वडणगे यांच्या मधला हा बंधारा ‘कोल्हापूर पद्धतीचा’ आहे. नदीत ओळीनं दगडी खांब, खांबांना खाचा आणि त्या खाचांत अडकवायचे बरगे. हिवाळ्यात बरगे घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी काढून नदी मोकळी करायची. पुराचं पाणी बंधाऱ्यावरून वाहू लागलं की त्यावरची वाहतूक थांबते आणि जिल्हा प्रशासनाच्या पत्रकात तो ‘पाण्याखाली’ जातो. ते पत्रक पावसाळाभर रोज निघतं. पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ, भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे, अशी ती यादी कोल्हापुरात वाढलेल्या कुणालाही झोपेत म्हणता येईल. पण बंधारा पाण्याखाली गेला म्हणजे शहराला धोका झाला असं नव्हे. नदी अजून आपल्या काठांत असते. बाहेरगावच्या नातेवाइकांनी बातमीत ‘चाळीस बंधारे पाण्याखाली’ वाचून घाबरे फोन करू नयेत, इतकीच विनंती.

शहराच्या दृष्टीनं दोन आकडे महत्त्वाचे. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. दोन्ही राजाराम बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरच्या, आणि तिथल्यापुरत्याच. प्रत्येक ठिकाणच्या पट्टीचं शून्य वेगळं असतं. त्याच पंचगंगेवर खाली इचलकरंजीत इशारा पातळी ६८ फूट आणि धोका पातळी ७१ फूट आहे. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात, तिथं इशारा ४० वर आणि धोका ४५ वर. त्यामुळे ‘इचलकरंजीत ६५ फूट झालं, कोल्हापुरात ४१ च आहे’ ही तुलना निरर्थक. ६५ ला इचलकरंजी निवांत असते आणि ४१ ला कोल्हापुरातल्या खालच्या गल्ल्या सामान बांधत असतात.

आता हे पाणी येतं कुठून ते पाहू. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते. संगम प्रयाग चिखलीला, शहरापासून हाकेच्या अंतरावर. या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून येतात. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्याला मात्र तो पाच हजारांच्या पुढेमागे असतो. म्हणून आपल्या गच्चीवरून आभाळ बघून पुराचा अंदाज बांधणं फसवं ठरतं. शहरात दुपारी लख्ख ऊन पडलेलं असतं, रंकाळ्यावर लोक भेळ खात असतात आणि नदी तासाला दोन इंचांनी चढत असते. अनुभवी माणूस पाऊस विचारतो तो गगनबावड्याचा, राधानगरीचा, शाहूवाडीचा.

धरणांबद्दलही समज-गैरसमज पुष्कळ. पंचगंगेच्या वाट्याला येणारी मुख्य धरणं म्हणजे भोगावतीवरचं राधानगरी आणि तुळशी, कुंभी, कासारी. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेलं राधानगरी धरण ८.३६ टीएमसीचं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण पूर्ण भरलं की पाण्याच्या रेट्यानं ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. ‘राधानगरीचे चार दरवाजे उघडले’ ही बातमी आली की हिशेब सोपा: सुमारे पाच हजार सातशे क्युसेक, शिवाय वीजगृहातून सुटणारं वेगळं. सातही उघडले तर दहा हजारांच्या आसपास. हे पाणी शहराशी पोहोचायला काही तास घेतं, आणि तेवढे तास आपले. उलट काळम्मावाडीच्या विसर्गाची बातमी ऐकून शहरात धावपळ होते तिला तसा अर्थ नाही. ते धरण दूधगंगेवर आहे आणि दूधगंगा कोल्हापूर शहराला वळसा घालून थेट कृष्णेला मिळते.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. धरणांच्या खाली आणि आजूबाजूला पडणाऱ्या पावसाला कुठलंच दार नाही. तो ओढ्या-ओघळींतून सरळ नदीत येतो. धरणं भरलेली नसतानाही पूर येऊ शकतो तो यामुळे.

आलेलं पाणी पुढं सरकलं असतं तर प्रश्न एवढा बिकट नव्हता. संगमापासून पंचगंगा पूर्वेला निघते आणि ऐंशीएक किलोमीटरवर नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. या टापूत जमीन जवळजवळ सपाट, त्यात नदी नागमोडी. कोयनेचं पाणी घेऊन येणारी कृष्णा त्याच दिवसांत तुडुंब असली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही. पाणी मागं दाबलं जातं. आमच्याकडं याला ‘फूग’ म्हणतात. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी कोल्हापुरातलं पाणी इंचभरही उतरत नाही, तेव्हा ती फूग असते. कृष्णा पुढं कर्नाटकात अलमट्टीच्या जलाशयात जाते. त्या धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. ती पाणी तुंबवते की नाही यावर शिरोळच्या पारावर तुम्हाला तासभराचं भाषण ऐकायला मिळेल. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला त्या पुराचं कारण मानलं नाही. नदीकाठच्या पुष्कळ लोकांना ते अजूनही पटलेलं नाही. वाद खरा आहे, पण तुमच्या घरात पाणी शिरायच्या रात्री त्याचा उपयोग नाही. त्या रात्री उपयोगी पडतं ते नरसोबाच्या वाडीचं पाणी काय म्हणतंय हे. दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिण दरवाजानं बाहेर पडलं की तिथं दक्षिणद्वार सोहळा होतो, भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पाणी वाढताना होतो तो चढता, ओसरताना होतो तो उतरता. कोल्हापुरात बसलेल्यानं ‘उतरता दक्षिणद्वार झाला’ हे ऐकलं की समजावं, खालची वाट मोकळी होऊ लागली.

शहरात पाणी शिरतं कसं, हा खरा प्रश्न. नदी शहराच्या पश्चिमेला आणि उत्तरेला. त्यामुळे पंचगंगा घाटाजवळची वस्ती, शुक्रवार पेठ, गंगावेशीचा खालचा भाग, सिद्धार्थनगर यांना ती समोरून दिसते. घाटावरची देवळं पाण्यात गेली, मग दीपमाळांचे शेंडे तेवढे उरले, असं पायरीपायरीनं कळत जातं. धोका पातळीच्या आसपास जामदार क्लबापाशी रस्त्यावर पाणी येतं आणि पूर पाहायला आलेल्यांची गर्दी होते. मोबाइल वर करून चित्रण करणाऱ्यांना पोलीस हाकलत असतात.

ज्यांना नदी दिसत नाही त्यांची गोष्ट निराळी. शहराच्या पोटातून जयंती नाला वाहतो आणि नदीला मिळतो. नदी नाल्याच्या तोंडाच्या वर चढली की नाला उलटा भरायला लागतो. दसरा चौकाजवळचा सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या खालच्या गल्ल्या, कुंभार गल्ली, बापट कॅम्प, पुढं रमणमळा, नागाळा पार्कचा सखल भाग, इथं पाणी नदीकडून येत नाही. ते मागच्या बाजूनं, नाल्यातून आणि गटारातून येतं. नदीपासून लांब घर घेतलं म्हणून निश्चिंत असलेली माणसं अशी मागून कोंडीत सापडतात. त्याची पहिली खूण रस्त्यावर दिसत नाही, न्हाणीत दिसते. मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो, बुडबुडे येतात, मग काळसर पाण्याचं थारोळं जमतं आणि घाण वास सुटतो. रस्ता अजून कोरडा असतो. हे दिसलं की तळमजल्यावरच्या माणसानं वाट बघू नये. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून संडासाच्या भांड्यावर आणि मोरीवर घट्ट बसवावी. त्यानं पूर थांबत नाही, पण घरात मैला पसरायला उशीर होतो. आवराआवरीला तेवढा वेळ मिळतो.

आता मुख्य हिशेब. प्रत्येक घराचा स्वतःचा एक ‘फूट’ असतो आणि तो काढता येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ च्या वर. या दोन पुरांच्या खुणा शहरातल्या असंख्य भिंतींवर आहेत. कुणी तेलरंगानं रेघ मारून साल लिहिलंय, कुठं नुसताच मातकट पट्टा उरलाय. भाड्यानं राहत असाल तर मालकाला किंवा शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, ते दाखवतील. घरातल्या फरशीपासून त्या खुणेपर्यंत टेप लावा. समजा, २०२१ ची खूण फरशीपासून साडेसहा फुटांवर आहे. ५६ मधून साडेसहा वजा केले की उरले साडेएकोणपन्नास. म्हणजे बंधाऱ्यावर साडेएकोणपन्नास फूट झालं की पाणी तुमच्या फरशीला लागणार. पुराचं तुंबलेलं पाणी बऱ्यापैकी समपातळीत पसरतं, म्हणून हा हिशेब जमतो. तरी नाल्याच्या वळणांमुळे इकडंतिकडं होतं. सावधपणासाठी एक फूट आणखी कमी धरा. आपला आकडा ४८.५ असा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

पुढची पायरी वेळेची. पत्रकात पातळीबरोबर ती किती तासांत किती चढली तेही समजतं. पाणी ४३ वर आहे, तुमचा आकडा ४८.५, म्हणजे साडेपाच फूट, ६६ इंच बाकी. तासाला दोन इंचांनी चढत असेल तर ३३ तास. पाच इंचांनी चढत असेल तर १३ तास. यातून रात्रीचे तास वजा करा, कारण रात्री अंधारात, पावसात, वीज गेलेली असताना म्हातारी माणसं आणि फ्रिज दोन्ही हलवणं जमत नाही. शिवाय आपल्या फरशीपेक्षा गल्लीचं तोंड सहसा खाली असतं. घर कोरडं आणि गल्लीचा कोपरा कमरेइतक्या पाण्यात, ही नेहमीची कोंडी. तेव्हा निघायचा आकडा फरशीचा नव्हे, कोपऱ्याचा धरायचा.

हा हिशेब अवघड नाही. तरी दर वेळी शेकडो माणसं अडकतात, याचं कारण माझ्या मते भीती कमी पडणं हे नाही. मागच्या पुरावर त्यांचा फार विश्वास असतो. २०१९ ला सुटकेसाठी गेलेल्या कार्यकर्त्यांना दारोदार हेच ऐकायला मिळत होतं.

“मावशी, चला आता. बोट आलीया.”

“कशाला रं? पाच साली हितं उंबऱ्याला बी लागलं न्हवतं.”

पाच साली, म्हणजे २००५ ला, पाणी ५० फुटांच्या आसपास थांबलं होतं. मावशीचं म्हणणं खरंच होतं. फक्त पुराला मागच्या रेघेशी काही देणंघेणं नसतं. २०१९ चं पाणी पाच साली कोरड्या राहिलेल्या घरांत छातीपर्यंत गेलं, आणि आठवडाभर धोक्याच्या वर ठाण मांडून बसलं. मग २०२१ आलं. ते तसं बसून राहणारं नव्हतं, ते दोन दिवसांत झपाट्यानं चढलं. २०१९ च्या अनुभवानं ‘अजून दोन दिवस आहेत’ म्हणणारे त्या वेळी गाफील सापडले. म्हणून रेघ वापरायची ती फरशीचा आकडा काढायला, ‘इथपर्यंतच येणार’ हे ठरवायला नव्हे.

निघायचं ठरलं की क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी गाडी. दुचाकी-चारचाकी उंचावरच्या रस्त्यावर नेऊन लावा, कारण रस्ता बंद झाल्यावर तीच पहिली हातची जाते. मग कागद: रेशनकार्ड, आधार, घराची कागदपत्रं, मुलांचे दाखले, बँकेची पुस्तकं, रोजची औषधं, सगळं एका झिपच्या पिशवीत आणि ती अंगावरच्या पिशवीत. माळ्यावर नाही. माळा सुरक्षित ही २०१९ च्या आधीची समजूत. मग गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर दाराला किंवा खिडकीच्या गजाला दोरानं बांधा, नाहीतर तो तरंगत जातो. मेन स्विच बंद. पाणी आत आल्यावर स्विचला हात लावायला जाऊ नका, तो आधीच बंद हवा. महावितरण त्या भागाचा पुरवठा तोडतंच, पण त्यांच्यावर विसंबून राहण्यात शहाणपण नाही. धान्याचे डबे, मिक्सर, शिलाई मशीन वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडं. कोल्हापुरात वरच्या मजल्याचा शेजारी या दिवसांत सख्ख्या भावाच्या जागी असतो, त्याच्याशी जूनपासूनच गोड बोलावं.

कुंभार गल्ली आणि बापट कॅम्पात हे गणित आणखी कठीण होतं. पूर येतो तो नेमका गणपतीच्या आधी महिना-दीड महिना. कारखान्यात हजारो मूर्ती असतात, काही नुसत्या साच्यातून काढलेल्या, काही डोळे लिहायच्या राहिलेल्या. शाडूच्या मूर्तीला पाणी लागलं की ती विरघळते. प्लॅस्टरच्या मूर्तीचा आकार टिकतो, पण रंग उडतो. कारागीर आधी तयार मूर्ती ट्रॉलीत भरून उंचावरच्या हॉलमध्ये पाठवतात. कच्च्या मूर्ती फळ्या रचून जेवढ्या वर जातील तेवढ्या चढवतात, आणि साचे सगळ्यात वर ठेवतात. मूर्ती पुन्हा करता येते, साचा गेला तर पुढची कित्येक वर्षं गेली.

जनावरांचंही तसंच. चिखली-आंबेवाडीची माणसं पाणी वाढायला लागलं की म्हशी घेऊन सोनतळीला जातात. माणूस छपरावर राहू शकतो, म्हैस नाही. आणि म्हैस सोडून मालक हलत नाही, हे प्रशासनालाही आता कळलं आहे. जनावरांची सोय आधी केली तर माणसं आपोआप निघतात.

पुरात सगळ्यात आधी संपतं ते पिण्याचं पाणी. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथले उपसा पंप नदीकाठीच असल्यानं तेच बुडायचे आणि सगळीकडं पाणी असताना नळ कोरडे पडायचे. २०१९ ला पुराचा थेंब न लागलेल्या राजारामपुरीतही लोक टँकरपुढं कळश्या घेऊन उभे होते. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं, त्यामुळे नदीकाठच्या पंपांवरचा भार कमी झाला. तरी वीज गेली की कुठलीच योजना चालत नाही. ४० फूट झालं की घरातली पिंपं, कळश्या, कुकरसुद्धा भरून ठेवा.

बोटीत बसायची वेळ आली तर एक नियम, आणि त्याला अपवाद नको: लाइफ जॅकेट मिळालं तरच बसायचं आणि बोट भरली असेल तर पुढच्या फेरीला थांबायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि घर सोडून सुरक्षित जागी निघालेले लोक बुडाले.

प्रवाशांसाठी थोडक्यात. कोल्हापूरचं बेट व्हायला वेळ लागत नाही. पहिल्यांदा पश्चिमेकडचे रस्ते जातात. गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी येतं, रत्नागिरीच्या रस्त्यावर केर्लीपाशी. तळकोकणात जायचं असेल तर गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोली हा पर्याय विचारात घ्या. पुण्याकडून येऊन रत्नागिरीला जाणाऱ्यानं शहरात शिरूच नये, वाठारवरून बोरपाडळेमार्गे वळावं. रेल्वेचा नाजूक सांधा रुकडीजवळचा पंचगंगेवरचा पूल. पाणी तिथं वर आलं की गाड्या मिरजेलाच थांबतात. शेवटी जातो तो पुणे-बंगळुरू महामार्ग, शिरोलीजवळ सांगली फाट्यापाशी. आधी सेवा रस्ता बुडतो, मग मुख्य. महामार्गाचा भरावच पाणी अडवतो अशी त्या भागातल्या लोकांची जुनी तक्रार आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा हा रस्ता कित्येक दिवस बंद होता आणि ट्रकांच्या रांगा मैलोन्मैल लागल्या. २०१९ ला शहरात पेट्रोल अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवावं लागलं आणि ‘गोकुळ’ दूध संघाचं संकलन थांबल्यानं मुंबईत दूध कमी पडलं. म्हणून बंधाऱ्यावर ४३ ओलांडलेलं असेल आणि गगनबावड्याला पाऊस चालू असेल, तर अंबाबाईच्या दर्शनाचा बेत आठवड्यानं पुढं ढकला. देवी कुठं जात नाही. ‘अजून रस्ता चालू आहे’ या भरवशावर येता येतं, परत जाता येईलच असं नाही. आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याइतकं दिसलं तरी गाडी घालू नका. खालचा रस्ता जागेवर आहे की नाही ते वरून कळत नाही.

पाणी उतरायला लागलं की हायसं वाटतं, पण खरं कष्टाचं काम तेव्हा सुरू होतं. जाणते लोक पाणी पूर्ण ओसरायची वाट बघत नाहीत. घरात वीतभर पाणी उरलं असतानाच खराटे घेऊन आत शिरतात आणि त्याच पाण्याबरोबर गाळ बाहेर लोटतात. पाणी गेल्यावर हा गाळ एका उन्हात फरशीला असा चिकटून बसतो की मग खोऱ्यानं खरवडावा लागतो आणि धुवायला टँकर पुरत नाहीत. आत जाताना गमबूट आणि हातात काठी, कारण कपाटामागं, पलंगाखाली साप वेटोळं घालून बसलेला असतो. लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये, ताप आला तर अंगावर काढू नये, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. वायरमननं तपासल्याशिवाय मेन चालू करू नका. फ्रिज, मोटार बाहेरून कोरडी दिसली तरी आत पाणी असतं.

धुवायला घेण्याच्या आधी फोटो काढा, ही गोष्ट घाईत राहून जाते. घराचा क्रमांक किंवा दाराची चौकट आणि भिंतीवरची पाण्याची रेघ एकाच फोटोत आली पाहिजे. मग भिजलेलं सामान जागच्या जागी. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर स्वच्छ झालेलं असतं, आणि स्वच्छ घरात बुडाल्याचा पुरावा उरत नाही. आवरशीर गृहिणींचंच यात जास्त नुकसान होतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

राहता राहिला नवं घर घेणाऱ्यांचा प्रश्न. जलसंपदा विभाग नदीकाठाला दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ शंभर वर्षं सुट्टी असा नाही. २०१९ आणि २०२१ यांच्यात दोनच पावसाळ्यांचं अंतर होतं. फ्लॅट पाहायला जाल तेव्हा बिल्डरकडं पूररेषेचा नकाशा मागा. तो चाचरला तर खाली उतरून समोरच्या चहाच्या टपरीवर विचारा, एकवीस साली इथं पाणी कुठपर्यंत होतं. टपरीवाला हात वर करून दाखवेल. त्याचा हात तुमच्या पार्किंगच्या छतापेक्षा वर गेला तर दुसरं घर बघा. आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवा.